हरलेल्या मल्लाचे नाव विचारा

जानेवारी २०१७ मध्ये दिल्लीत ‘प्रो रेसलिंग लीग’ या व्यावसायिक कुस्ती स्पर्धेचा दुसरा मोसम झाला. त्यात ‘जयपूर निन्जाज’ नावाचा एक संघ होता. संघाच्या नावात जयपूर, पण मल्ल मात्र देशोदेशीचे. लढतीही जयपूरला झाल्या नाहीत. त्या झाल्या दिल्लीच्या के. डी. जाधव स्टेडियममध्ये. हे के. डी. जाधव म्हणजे आपल्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव.

आता कल्पना करा. आणखी पन्नास वर्षांनी एखादा अभ्यासू माणूस जयपूरच्या कुस्तीचा इतिहास लिहायला बसला आहे. त्याच्यापुढे संघांची नावे असलेला एक जुना कागद आहे. ‘२०१७, जयपूर’ एवढे वाचून तो बिचारा लिहून टाकील की त्या वर्षी जयपूरच्या मैदानात जगभरचे मल्ल लढून गेले! त्याने खोटे काही लिहिलेले नसेल. त्याने फक्त नाव पाहिले, आणि लढत कुठे झाली हे विचारायचे राहून गेले.

कुस्तीच्या किताबांचा इतिहास हा असा आहे. वरून सोपा, आत शिरले की गुंतागुंतीचा. ‘हिंदकेसरी’, ‘महाराष्ट्र केसरी’, ‘राजस्थान केसरी’, ‘रुस्तम-ए-हिंद’, ‘भारत केसरी’ अशी कितीतरी नावे आपण ऐकतो. प्रत्येक किताबामागे एक मैदान असते, एक तारीख असते, किताब देणारी एक संस्था असते आणि दोन मल्ल असतात. काळ गेला की लोकांच्या लक्षात एकच मल्ल राहतो. मैदान, तारीख आणि संस्था विसरली जाते. सगळ्यात आधी विसरला जातो तो हरलेला मल्ल. आणि गंमत अशी, की किताब खरा की ऐकीव हे ठरवण्यासाठी सर्वांत उपयोगी साक्षीदार तोच असतो.

गामा आणि झिबिस्को

गामा पैलवानाचे नाव ठाऊक नसलेले घर आपल्याकडे क्वचितच सापडेल. गामाने १९१० साली लंडनला जाऊन ‘जगज्जेतेपद’ मिळवले, असे आपण लहानपणापासून ऐकत आलो. त्या वर्षी १० सप्टेंबरला लंडनमध्ये गामा आणि पोलंडचा स्टॅनिस्लॉस झिबिस्को यांची लढत झाली. ती अडीच तासांहून अधिक चालली आणि निकालाविना थांबवावी लागली. झिबिस्को बहुतेक वेळ पोटावर जमिनीला चिकटून होता. पुढची लढत १७ सप्टेंबरला ठरली; पण त्या दिवशी झिबिस्को आलाच नाही. ‘जॉन बुल’ या लंडनच्या साप्ताहिकाने ठेवलेला पट्टा गामाला देण्यात आला.

इथपर्यंतची हकीकत गामाच्या बाजूने झाली. आता झिबिस्कोच्या बाजूने पाहू. लंडनच्या आधी जेमतेम तीन महिने, १ जून १९१० रोजी, शिकागोमध्ये फ्रँक गॉच या अमेरिकन मल्लाने झिबिस्कोला हरवले होते. त्या काळी पाश्चात्त्य कुस्तीजगत जगज्जेता मानत होते ते गॉचला. गॉच आणि गामा यांची लढत कधी झालीच नाही. म्हणजे गामाला मिळालेला ‘जॉन बुल’ पट्टा खरा, झिबिस्कोने मैदान टाळले हेही खरे. पण त्या दिवशी झिबिस्कोच्या डोक्यावर जगज्जेतेपदाचा मुकुट नव्हता. तो गॉचकडे होता.

पुढे जानेवारी १९२८ मध्ये पतियाळाला गामा आणि झिबिस्को पुन्हा समोरासमोर आले. या वेळी गामाने मिनिटभराच्या आत त्याला चीत केले. नेमके किती सेकंदांत? एका पुस्तकात बेचाळीस सापडतात, दुसऱ्यात एकोणपन्नास. घड्याळ कोणाच्या हातात होते, ते कधी सुरू केले, हात मिळवल्यावर की पहिली पकड झाल्यावर, यावर हे आकडे बदलतात. तेव्हा झिबिस्को अठ्ठेचाळीस वर्षांचा होता. गामाही त्याच्याच वयाचा. दोन वयस्क मल्लांची ती लढत होती हे कळल्याने गामाचे मोठेपण तसूभरही कमी होत नाही. उलट, अठरा वर्षे मनात ठेवलेला हिशेब त्याने कसा चुकता केला हे अधिक चांगले समजते.

दारासिंग यांचे तीन किताब

यानंतरची पिढी दारासिंग यांची. मुंबईतल्या फ्रीस्टाइल कुस्त्या पाहायला गेलेले कित्येक आजोबा अजूनही किंगकाँगचे वर्णन हातवारे करून सांगतात. दारासिंग यांच्या नावावर तीन मोठे किताब सांगितले जातात. १९५४ मध्ये टायगर जोगिंदरसिंग यांना हरवून ‘रुस्तम-ए-हिंद’. १९५९ मध्ये कलकत्त्याला कॅनडाच्या जॉर्ज गोर्डिएन्कोला हरवून राष्ट्रकुल अजिंक्यपद. आणि २९ मे १९६८ रोजी मुंबईत अमेरिकेच्या लू थेझला हरवून जागतिक अजिंक्यपद.

यातली तिसरी लढत तपासण्यासारखी आहे. लू थेझ हा खरोखरच फार मोठा मल्ल. अमेरिकेतील ‘नॅशनल रेसलिंग अलायन्स’ या संघटनेचे जागतिक विजेतेपद त्याने अनेक वर्षे सांभाळले होते. पण त्याच्या बाजूची नोंद पाहिली तर दिसते की ७ जानेवारी १९६६ रोजी सेंट लुईस येथे जीन किनिस्कीने त्याच्याकडून ते विजेतेपद घेतले. १९६८ च्या मे महिन्यात ते किनिस्कीकडेच होते. शिवाय न्यूयॉर्ककडच्या दुसऱ्या एका संघटनेचा वेगळा ‘जगज्जेता’ होता, ब्रुनो सॅमार्टिनो. म्हणजे त्या एका महिन्यात जगात एकाहून अधिक जगज्जेते होते, आणि मुंबईत उतरलेला बावन्न वर्षांचा थेझ त्यांच्यापैकी नव्हता.

मग दारासिंग यांचा किताब खोटा का? तसे म्हणणे अन्यायाचे होईल. त्या दिवशी मुंबईत लढत झाली, थेझ हरला आणि आयोजकांनी दारासिंग यांना जगज्जेते म्हणून जाहीर केले. एवढे सगळे खरे. फक्त ‘जगज्जेते’ या शब्दापुढे ‘कोणाच्या मते’ हे लिहिले पाहिजे. व्यावसायिक फ्रीस्टाइल कुस्तीत प्रत्येक संघटनेचा, प्रत्येक आयोजकाचा आपला पट्टा असे.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. या प्रकारच्या कुस्तीत निकाल पुष्कळदा आधी ठरलेला असे. आपल्याकडे तिला ‘नुरा कुस्ती’ असा शब्दच आहे. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या कंपनीने १९८९ साली न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढे आपला खेळ म्हणजे करमणूक असल्याचे उघडपणे मान्य केले. तेव्हा अशा किताबाची यादी म्हणजे कोण अधिक बलवान याची यादी नसते. कोणत्या वर्षी, कोणत्या गावात, लोकांनी कोणाला विजेता म्हणून डोक्यावर घेतले, याची ती यादी असते. तीही जपण्यासारखीच आहे. फक्त ती काय आहे हे ओळखून वाचावी.

चित्रवाणी आली आणि तारखांचाही घोळ वाढला. २०१२ मध्ये ‘रिंग का किंग’ ही मालिका कलर्स वाहिनीवर दाखवली गेली. तिच्या लढती पुण्याच्या बालेवाडी क्रीडा संकुलात आधीच चित्रित झाल्या होत्या. घरी बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने विजेता त्या दिवशी ठरला ज्या दिवशी भाग दिसला. बालेवाडीत बसलेल्या प्रेक्षकाच्या दृष्टीने तो कित्येक दिवस आधी ठरला होता. यादी करणाराने कोणती तारीख धरली हे लिहिले नाही, तर पुढच्या माणसाला दोन वेगळ्या लढती झाल्यासारखे वाटेल.

‘पहिला’ हा अवघड शब्द

आता आपल्या लाल मातीकडे वळू. इथल्या निकाली कुस्त्या वेगळ्या, पण नोंदींचे प्रश्न तेच.

श्रीपती खंचनाळे यांना महाराष्ट्र ‘पहिले हिंदकेसरी’ म्हणून ओळखतो. १९५९ साली दिल्लीत त्यांनी पंजाबच्या बंतासिंग यांना हरवले. पण हिंदकेसरीच्या काही याद्या १९५८ पासून सुरू होतात आणि त्यांत रामचंद्र बाबू यांचे नाव आधी येते. म्हणजे ‘पहिले’ म्हणताना देशातले पहिले की महाराष्ट्रातले पहिले, हे स्पष्ट केलेले बरे. खंचनाळे जन्माने एकसंब्याचे. ते गाव बेळगाव जिल्ह्यात, म्हणजे आज कर्नाटकात. त्यांची कुस्ती घडली कोल्हापुरात, आणि १४ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले तेही कोल्हापुरातच. एकसंब्याच्या माणसाला ते आपले वाटतात, कोल्हापूरकराला आपले. दोन्ही राज्यांच्या यादीत त्यांचे नाव दिसले तर दोन माणसे समजू नयेत.

‘पहिला’ या शब्दाची काळजी कशी घ्यावी याचा नमुना खाशाबा जाधवांच्या बाबतीत दिसतो. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये त्यांनी कांस्यपदक जिंकले. जाणकार लिहितात, ‘स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक पदक’. त्यातला ‘स्वतंत्र’ हा शब्द शोभेचा नाही. १९०० च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये नॉर्मन प्रिचर्ड यांच्या दोन रौप्यपदकांची नोंद भारताच्या नावावर आहे, म्हणून तो घालावा लागतो. खाशाबांच्या पदकाबद्दल आज जगात कोणीही शंका घेत नाही, कारण ऑलिंपिकच्या दप्तरात प्रत्येक फेरी आणि प्रत्येक प्रतिस्पर्धी लिहिलेला आहे. त्यांच्या वाट्याला जिवंतपणी मानसन्मान कमी आले. १९८४ मध्ये ते गेले आणि अर्जुन पुरस्कार मिळाला तो मरणोत्तर. पण निदान कागद त्यांच्या बाजूला होता. गावोगावच्या मैदानांत आयुष्य घालवलेल्या हजारो मल्लांच्या बाजूला तोही नाही.

एका वर्षी दोन गदा

महाराष्ट्र केसरीची यादी साधारणपणे १९६१ पासून धरतात. त्या वर्षी औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, दिनकर दह्यारी विजेते ठरले. या यादीत काही वर्षांसमोर कोणाचेच नाव नाही. कधी अंतिम कुस्ती निकाली झाली नाही, कधी स्पर्धाच भरली नाही. करोनाच्या साथीमुळे जानेवारी २०२० नंतरची स्पर्धा थेट एप्रिल २०२२ मध्ये साताऱ्याला झाली. रिकामी जागा पाहून काही उत्साही मंडळींना ती भरून काढण्याचा मोह होतो. तसे कधी करू नये. रिकामी जागा हीसुद्धा नोंदच असते. जी यादी एकही वर्ष न चुकता भरलेली असते, तिच्याकडे थोडे अधिक बारकाईने पाहावे.

दुसरी अडचण वर्षाची. हर्षवर्धन सदगीर यांनी किताब जिंकला तो जानेवारी २०२० मध्ये. मोसम मात्र २०१९-२० चा. एक यादी २०१९ लिहिते, दुसरी २०२०. दोन्ही बरोबर, पण दोन्ही एकत्र केल्या तर सदगीर दोनदा केसरी होऊन बसतात!

आणि २०२३ साल तर अभ्यासकाची परीक्षा पाहणारे आहे. जानेवारीत पुण्याला शिवराज राक्षे विजेते झाले. नोव्हेंबरमध्ये पुण्याजवळ फुलगावला सिकंदर शेख यांनी राक्षे यांना हरवून किताब घेतला. त्याच महिन्यात धाराशिवला दुसऱ्या संघटनेची स्पर्धा झाली आणि तिथे राक्षे यांनी सदगीर यांना हरवले. एका वर्षात तीन स्पर्धा, एका महिन्यात दोन ‘महाराष्ट्र केसरी’. २०२५ मध्ये पुन्हा तेच घडले. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ आणि मार्चमध्ये कर्जतला वेताळ शेळके असे दोन विजेते झाले.

यात मल्लांचा दोष काय? त्यांनी घाम गाळला, समोरच्याला हरवले, गदा खांद्यावर घेतली. संघटनांचा वाद त्यांनी निर्माण केलेला नाही. पुढे लिहिणाराने एकाचे नाव गाळून दुसऱ्याचे ठेवले, तर एका खऱ्या विजयावर बोळा फिरेल. दोन्ही नावे लिहावीत. शेजारी गाव, महिना, संघटना आणि हरलेल्या मल्लाचे नाव लिहावे. मग वाचणारा गोंधळत नाही आणि अन्यायही कोणावर होत नाही.

घरातल्या गदेची गोष्ट

कोणी म्हणेल, हे सगळे अभ्यासकांचे काम. आम्हा घरच्या माणसांना काय त्याचे? पण अनेक घरांत एखादे पणजोबा, एखादे मामा पैलवान होऊन गेलेले असतात. भिंतीवर फेटा बांधलेला फोटो असतो, कपाटावर काळवंडलेली गदा किंवा ढाल असते. ‘आमचे आबा केसरी होते’ एवढे नातवंडांना माहीत असते. कोणते केसरी, कुठले, कोणत्या साली, हे विचारले की सगळे एकमेकांच्या तोंडाकडे पाहतात.

आणि प्रश्न फक्त अभिमानाचा नसतो. वृद्ध किताबधारक मल्लांना राज्य सरकार मानधन देते. खेळाडूंना नोकरीत सवलत मिळते. अशा वेळी कागद मागितला जातो. ‘सगळ्या पंचक्रोशीला माहीत आहे’ हा पुरावा तिथे चालत नाही. ज्याने खरोखर मैदान मारले त्याच्याकडे कागद नाही, आणि ज्याने मारले नाही तो मोठ्या आवाजात बोलतो, असे झाले की खऱ्या माणसाचे नुकसान होते. म्हणून तपासणी ही संशयाची गोष्ट समजू नये. ती खऱ्या मल्लाची राखण आहे.

ही तपासणी घरच्या घरी कशी करावी? पहिले, गदेवर, ढालीवर किंवा कड्यावर काय कोरले आहे ते पुसून नीट वाचावे. संस्थेचे किंवा देणगीदाराचे नाव पुष्कळदा बारीक अक्षरांत असते. दुसरे, मैदानाची हस्तपत्रिका सापडते का पाहावे. जुन्या ट्रंकेच्या तळाशी, वहीच्या कव्हरात अशा पत्रिका जपलेल्या असतात. मात्र पत्रिका लढतीच्या आधी छापतात. तिच्यावरून कुस्ती ठरली होती एवढेच कळते, झाली की नाही ते कळत नाही. त्यासाठी दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाचे वर्तमानपत्र पाहावे लागते. जिल्ह्याच्या ठिकाणच्या जुन्या ग्रंथालयांत वर्तमानपत्रांचे बांधीव अंक मिळू शकतात.

तिसरे, तारीख. म्हातारी माणसे सांगतात, ‘चैत्री पुनवेच्या जत्रेत, दुष्काळ पडला त्याच्या आदल्या साली.’ यावर हसू नये. जत्रेची तिथी ठरलेली असते. दुष्काळाचे वर्ष शोधले आणि जुने पंचांग उघडले की इंग्रजी तारीख हाती येते. चौथे, नाव. मल्लाचे नाव कधी गावावरून, कधी तालमीवरून, कधी वस्तादावरून लिहितात. कोल्हापूरच्या मोतीबागेतला, गंगावेशीतला किंवा शाहूपुरीतला पैलवान बातमीत ‘कोल्हापूरचा’ होतो आणि गावच्या फलकावर आपल्या गावाचा.

आणि पाचवे, सर्वांत महत्त्वाचे. समोर कोण होते ते विचारावे. आबा कोणाशी लढले? त्या मल्लाचे गाव कोणते? त्याच्या घरी, त्याच्या तालमीत जाऊन विचारावे. जिंकलेल्याच्या घरी गोष्ट दरवर्षी थोडी वाढते. कुस्ती पाच मिनिटांची दोन मिनिटांची होते, प्रतिस्पर्धी आणखी धिप्पाड होतो. हरलेल्याच्या घरी गोष्ट वाढवण्याचे कोणाला कारण नसते. तिथे कोणी शांतपणे म्हणाले, ‘होय, त्या दिवशी आमचे अण्णा पडले’, तर त्याहून भक्कम दाखला नाही. आणि तिथे निराळे काही ऐकायला मिळाले, तर तेही लिहून ठेवावे.

दारासिंग पाचशे कुस्त्यांत अजिंक्य राहिले असे सांगतात. हे खरोखर तपासायचे, तर दारासिंग यांचे चरित्र कितीही वेळा वाचून भागणार नाही; समोर उभ्या राहिलेल्यांच्या बाजूच्या नोंदी पाहाव्या लागतील. मोठ्या मल्लाला जो नियम, तोच गावच्या मैदानातल्या मल्लाला.

कोल्हापूरच्या खासबाग मैदानात, शाहू महाराजांनी बांधलेल्या त्या गोल आखाड्यात, १९१२ पासून किती पाठी मातीला लागल्या याची गणती नाही. प्रत्येक चितपटीत एक पाठ खाली होती म्हणूनच दुसऱ्याचा हात वर झाला. यादीत त्या पाठीच्या मालकाचेही नाव असावे. ज्या घरात अजून एखादे वृद्ध पैलवान आहेत, त्यांच्याजवळ या रविवारी वही-पेन घेऊन बसावे आणि त्यांनी कोणाला पाडले याबरोबरच त्यांना कोणी पाडले, हेही विचारावे. खरा पैलवान ते नाव सांगायला लाजत नाही.